मधल्या सुट्टीतला पान्हा

मावशी, नमस्कार. मी 18 वर्षांची आहे, शाळेचं शेवटचं वर्ष. माझी मुलगी आज 19 दिवसांची झाली. तिला मी अंगावरच पाजते. पहिले दहा-बारा दिवस मी आणि ती दोघी मिळून रडलो, आता कुठे जमायला लागलंय. अजून साडेतीन आठवड्यांनी मला शाळेत परत जायचंय. शाळा सकाळी आठ ते दुपारी दोन, जायला-यायला अर्धा-अर्धा तास. आई कामाला जाते, बाळाला आजी सांभाळेल. काकू म्हणते, आत्तापासून वरच्या दुधाची सवय लाव आणि गोळ्या घेऊन दूध आटवून टाक, नाहीतर पोर उपाशी मरेल. आई म्हणते, एक वर्ष घरी बस. मला वर्ष सोडायचं नाही आणि पाजणंही सोडायचं नाही. शाळेत दूध काढू कुठे, स्वच्छतागृहात? आजीने बाटली दिली तर बाळ परत माझ्याकडे येईल का? आणि वर्गात कळलं तर? दोन्हीकडे मी अर्धीमुर्धीच राहणार असं वाटतंय.
— दोन दप्तरंवाली

अगं पोरी,

तुझी सही वाचून आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. बाळाच्या वडिलांबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस, तेव्हा मीही त्या वाटेला जात नाही.

आधी हिशेब करू. घरात वाद जोरात चाललाय, पण हिशेब कुणीच केलेला दिसत नाही. तू साडेसातला घर सोडणार आणि अडीचला परत येणार. झाले सात तास. इतकं लहान बाळ दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पितं. सात तासांत त्यातल्या दोन, फार तर तीन वेळा येतील. बाकी सगळ्या वेळा तुझ्याच, आणि सुट्टीच्या दिवशी तर सगळ्याच. काकूंना जे पोर उपाशी मरताना दिसतंय आणि आईला जे वर्ष वाया घालवावंसं वाटतंय, ते या दोन-तीन वेळांपायी. या दोन-तीन वेळांची सोय लावायची आहे, एवढंच काम आहे. सोपं नाही, पण एवढंच आहे.

दूध आटवायच्या गोळ्यांचं आत्ताच सांगून टाकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसलं काही घेऊ नकोस. जमत आलेली गोष्ट मोडायची घाई कशाला?

आता दूध कसं चालतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. छाती म्हणजे टाकी नव्हे, की सकाळी भरली आणि दुपारी संपली. दूध सतत तयार होत असतं. छाती मोकळी झाली की वेग वाढतो, तुडुंब भरून राहिली की शरीर समजतं, एवढ्याची गरज दिसत नाही, आणि वेग कमी करतं. म्हणून बाळ घरी पीत असताना तुला इथे शाळेत दूध काढावं लागणार. ते उद्याच्या बाटलीसाठी तर हवंच, पण शरीराला 'मागणी चालू आहे' हा निरोप पोचण्यासाठी जास्त हवं. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं फुकट जात नाही. झोपमोडीवर हा काही इलाज नाही म्हणा, पण रात्री तीन वाजता चिडचिड झाली की आठवून बघ.

आजपासून साधारण दहा दिवस तू काहीच वेगळं करायचं नाहीस. बाळ मागेल तेव्हा पाज, बस. बाटलीची ओळख तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर, तुमचं दोघींचं नीट बसल्यावर करून दिलेली बरी. चौथा आठवडा संपला की सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर रोज एकदा दूध काढायला लाग. सकाळी छाती भरलेली असते. पहिल्या दिवशी 20 मिलिलिटर निघालं तर घाबरून मला दुसरं पत्र लिहू नकोस. बाळाचं पिऊन झाल्यावरचं ते उरलेलं दूध आहे आणि हातही नवखा आहे. शाळेच्या आधीचे शेवटचे आठ-दहा दिवस आजीने दिवसातून एकदा हे दूध तिला पाजून बघावं. त्या वेळी तू खोलीत नको. आईचा वास आला की बरीच बाळं बाटलीकडे तोंड वळवतात, आणि मग सगळे म्हणतात, पोर बाटली घेतच नाही.

काढायचं कसं? पंप मिळाला तर उत्तम, पण हाताने काढायला आधी शीक, कारण हात कधी घरी विसरत नाही. हात साबणाने स्वच्छ धुऊन घे. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडाच्या मुळापासून दोनेक सेंटीमीटर मागे. आधी बरगड्यांच्या दिशेने हलकं आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे दाबायची, सोडायचं. बोटं कातडीवर घासायची नाहीत. पहिलं मिनिटभर काही येत नाही, मग थेंब, मग पान्हा फुटला की चिळकांडी. बोटं गोल फिरवत सगळीकडून काढायचं. पंप असेल तर त्याच्या नसराळ्याचं माप बघ. बोंड आत मोकळं हलायला हवं. दुखत असेल तर माप चुकलंय किंवा ओढ जास्त ठेवली आहे. दुखणं सोसलं म्हणून दूध जास्त येत नाही.

आणि पान्हा! तो मनाच्या तंत्राने चालतो. ऑक्सिटोसिन नावाचं दुसरं संप्रेरक दूध पुढे ढकलतं आणि भीती, घाई, लाज यांनी ते अडतं. मी स्वतः कामावर असताना सामानाच्या कोठीत, बाहेरून कुणी दार ढकलेल या धास्तीत बसायचे. वीस मिनिटांत निघायचं ते चमचाभर. मग एक दिवस लेकीचं न धुतलेलं दुपटं पिशवीत गेलं, चुकून. त्या दुपट्याच्या वासाने जे झालं ते कुठल्या पंपाने केलं नव्हतं. तेव्हा बाळाचं दुपटं किंवा तिचा पीत असतानाचा व्हिडिओ जवळ ठेव. बाटलीकडे टक लावून 'किती झालं' मोजत बसू नकोस. बाटलीवर मोजा घालून ठेव, हा माझा आवडता उपाय.

याच पान्ह्याची दुसरी बाजू म्हणजे गणिताच्या तासाला तो न बोलावता येईल. बाहेर कुणाचं तरी मूल रडेल किंवा तुला नुसती तिची आठवण येईल, की झालं. छातीत मुंग्या आल्यासारखं वाटलं की हाताची घडी घालून दोन्ही तळव्यांनी छाती सरळ आत दाबून धर, मिनिटभर. बघणाऱ्याला वाटेल मुलगी लक्ष देऊन ऐकतेय. आत सुती पॅड ठेव, ओले झाले की बदल, एक जादा सदरा दप्तरात असू दे. नक्षीच्या कापडावर डाग दिसत नाही, एकरंगी फिक्यावर लगेच दिसतो. गणवेश असेल तर वरून एखादं जाकीट चालेल का ते विचारून ठेव. काही आठवड्यांनी हे गळणं बरंच कमी होतं.

आता जागा. स्वच्छतागृहात नाही म्हणजे नाही. जिथे बसून तू डबा खाणार नाहीस, तिथे बाळाचं जेवण का तयार करायचं? तुला लागतं काय? आतून कडी लागणारं दार, एक खुर्ची, जवळ हात धुवायला पाणी, पंप विजेचा असेल तर एक प्लग. एखादी आजारी मुलांची खोली, रिकामी प्रयोगशाळा, समुपदेशकांची खोली, काहीही चालेल. वेळ म्हणशील तर वीस-वीस मिनिटं दोनदा. घरातून निघायच्या अगदी आधी पाजलंस तर पहिली वेळ साधारण साडेदहाला येते, म्हणजे मधल्या सुट्टीच्या आसपास. दुसरी एकच्या सुमारास. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की बऱ्याच जणींना एका वेळेवर भागवता येतं. तसं करायचं झालं तर दुसरी वेळ एकदम बंद न करता दर दोन-तीन दिवसांनी थोडी लांबवत, आखूड करत न्यायची. आजीला मधल्या सुट्टीत बाळ घेऊन शाळेपर्यंत येणं जमणार असेल, तर पंपापेक्षा ते कधीही सरस.

मुख्याध्यापकांकडे हे मागायला शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी जाऊ नकोस, आत्ताच जा. आईला सोबत ने. वर्ष सोड म्हणणारी आई तुझ्या शेजारी बसून शाळेशी बोलली तर तिचंही मत बदलायला मदत होईल. डॉक्टरांची चिठ्ठी घे. कागदावर चार ओळीत लिहून दे: कोणत्या दोन वेळा, किती मिनिटं, कोणती खोली, बुडालेला तास कसा भरून काढणार. माणसं 'माझी सोय करा' याला घाबरतात, 'साडेदहा ते दहा पन्नास' याला सहसा नाही म्हणत नाहीत. काही अडलंच तर हे सांग: नोकरदार बायकांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2000 साली केलेल्या 183 क्रमांकाच्या करारात बाळाला पाजण्यासाठी रोज एक किंवा अधिक वेळा सुट्टी द्यायची आणि ती कामाच्या वेळेतच धरायची असं म्हटलंय. हा करार विद्यार्थिनींसाठी नाही, त्यामुळे त्यावर हट्ट धरता येणार नाही. पण कारखान्यातल्या आईला जे मिळावं ते बाकावरच्या आईला का नको, याचं उत्तर कुणालाही सहज देता येत नाही. आणखी एक मागून बघ: पहिले दोन आठवडे एखादा तास उशिरा येण्याची किंवा लवकर जाण्याची सवलत. शिवाय शाळेत जायला सुरुवात आठवड्याच्या शेवटाकडे कर. दोन दिवस गेलीस की सुट्टी येईल, काय बिघडलं ते कळेल आणि दुरुस्त करायला वेळ मिळेल.

काढलेलं दूध साध्या खोलीत, 25 अंशांपर्यंत, चार तास टिकतं. उन्हाळ्यात त्यावर विसंबू नकोस. बर्फाच्या थंड पाकिटांसह जाड अस्तराच्या पिशवीत ठेवलंस तर 24 तास चालतं, म्हणजे शाळेतून घरी आणायला भरपूर झालं. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवलेलं चार दिवस, डीप फ्रीजरमध्ये साधारण सहा महिने चांगलं राहतं. बाटलीवर तारीख लिही. एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवायचं नाही, ते फ्रिजमध्ये ठेवून 24 तासांत संपवायचं. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरून कोमट करायचं. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, दूध कुठे थंड कुठे उकळतं होतं आणि बाळाचं तोंड भाजतं. पंपाचे भाग दर वेळी साबणाने धुऊन कोरडे कर आणि बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून एकदा उकळून घे.

किती साठवायचं? एक ते सहा महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी 750 मिलिलिटरच्या आसपास पितं, आणि महिन्यागणिक हा आकडा फारसा वाढत नाही. त्या हिशेबाने सात तासांचं झालं साधारण 220. म्हणजे 60-60 च्या चार बाटल्या. फ्रीजर भरून टाकायची काही गरज नाही. उद्याचं दूध आणि एखाद्या दिवसाची राखीव, एवढं असलं की पुरे. आज काढलेलं उद्या पाजायचं, असं चक्र चालू राहतं.

आजीसाठी हा वेगळा परिच्छेद, तिला वाचून दाखव. आजी, दुधावर साय तरंगते, खालचं पाणीदार, कधी निळसर दिसतं. ते नासलेलं नाही, बाटली हलकी गोल फिरवली की एकजीव होतं. बाळाला बसतं धरायचं, बाटली आडवी, आणि घोट-दोन घोट झाले की बाटली किंचित खाली करून श्वास घेऊ द्यायचा. अंगावर पिताना तिला मेहनत पडते. बाटलीतून आपोआप भसाभसा यायला लागलं तर तिला तीच सोय आवडू लागते, आणि तुमच्या नातीला भीती वाटतेय ते नेमकं असंच घडतं. वाटी-चमच्याने पाजता आलं तर तेही चांगलं. तिने तोंड फिरवलं की थांबायचं, उरलेलं घोटभर घशात ओतायचं नाही. ते दोन तासांत पुन्हा दिलं नाही तर टाकून द्यायचं. सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, मध नाही, काही नाही. आणि दीडच्या पुढे पोट भरून पाजू नका. थोडंसं देऊन रमवा, अडीचला आई येतेय.

तर, बाळ परत येईल का? असं हळूहळू पाजलं तर बहुतेक बाळं येतात, आणि दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या येतात. उलट एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नंतर फसवलं म्हणशील. काही बाळं आई नसताना जेमतेम पितात आणि आई आली की संध्याकाळपासून पहाटेपर्यंत वसूल करतात. बाळाला ते सोसतं, वजनही वाढतं, दमतेस तू. त्या दिवसांत अभ्यासाची वेळ दुपारी ठेव, अडीचचं पाजून झालं की आजी बाळाला घेईल आणि तू दीड तास पुस्तक उघड. रात्री दहानंतर अभ्यास करण्याची स्वप्नं बघू नकोस.

दूध पुरतंय का, ही शंका दर दोन दिवसांनी कुणीतरी काढेल. त्यांच्या तोंडाकडे न बघता लंगोटांकडे बघ. 24 तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 20 ते 30 ग्रॅमची वाढ असली की पुरतंय. नाही पुरलं तर? तर शाळेच्या वेळेत एखादी वेळ पावडरचं दूध दे. डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात, वाचवण्यासाठी पातळ न करता. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे इतर अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजायला सांगते. पण परीक्षेच्या आठवड्यात एक बाटली वरची गेली म्हणून बाकीचं पाजणं रद्द होत नाही. 'अर्धीमुर्धी' हा तुझा शब्द मला मान्य नाही. सातपैकी पाच वेळा तुझं दूध प्यायलेलं बाळ पाच वेळा प्यायलेलं असतं, त्याला कुणी नापास करत नाही.

एखाद्या दिवशी दूध काढायचं राहिलं, छाती दगडासारखी झाली, तर घरी येताच पाज आणि थंड पट्टी ठेव. गाठ रगडून काढायचा जुना प्रकार नको, त्याने सूज वाढते. एक भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि थंडी वाजून 38.5 अंशांच्या वर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. पाजणं तेव्हाही थांबवायचं नाही.

खाण्याबद्दल फार बोलत नाही. घरातलं सगळं खा, रोजच्यापेक्षा थोडं जास्त, आणि दूध काढताना एका हाताने खाता येईल असं काही जवळ ठेव. तुझी स्वतःची हाडंही अजून भरतायत, म्हणून कॅल्शियम आणि लोहाबद्दल डॉक्टरांना विचार. त्याच भेटीत गर्भनिरोधनाचंही विचारून घे, लाजू नकोस. 'अंगावर पाजतेय म्हणजे दिवस जात नाहीत' हे फक्त सहा महिन्यांच्या आतल्या, दिवसरात्र मोठा खंड न पडता अंगावरच पिणाऱ्या बाळाच्या आईला, तेही पाळी परत आलेली नसेल तरच लागू पडतं. रोज सात तासांचा खंड पडला की त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आणि ते रडणं. पहिल्या दोन आठवड्यांतलं पुष्कळ जणींना येतं आणि जातं. तुझं गेलंय असं तू लिहिलं आहेस. परत आलं, रोज येऊ लागलं, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, स्वतःला किंवा तिला काही करावंसं वाटलं, तर ते परीक्षेचं टेन्शन म्हणून गुंडाळून ठेवू नकोस. त्याच दिवशी आईला सांग आणि डॉक्टरकडे जा. त्यावर उपचार आहेत आणि बहुतेक उपचार पाजणं चालू ठेवून होतात.

राहिलं वर्गाचं. कळेल. कधीतरी कळणारच, पंपाचा आवाजच तसा असतो. सगळ्यांना सांगत फिरायची गरज नाही, पण एका मैत्रिणीला आधीच सांग, जिच्या पोटात गोष्ट राहते अशी. ती दुसऱ्या वेळचा बुडालेला तास वहीत उतरवून ठेवेल आणि कुणी विचारलंच तर तुझ्याऐवजी उत्तर देईल. बाकीच्यांचं कुतूहल आठवडाभर टिकेल. मग कुणाचं तरी दुसरं काहीतरी निघेल.

मुख्याध्यापकांना भेटायला जाशील तेव्हा ती खोली स्वतः उघडून बघ. कडी नुसती दिसायला आहे की खरंच लागते, ते लावून बघ.

तुझी,
मावशी